जिचा फोन, तिचीच चावी

रत्नागिरीत मे महिना म्हणजे आंबा, लग्नं आणि आखातातून सुट्टीवर आलेली माणसं. राजिवडा, मिरकरवाडा, कर्ला, पावस, कुठल्याही वस्तीत जा. कुवेत, मस्कत, दोहा, दुबईहून आलेल्या बॅगांमध्ये अत्तर आणि चॉकलेटांसोबत हल्ली एक-दोन फोन हमखास असतात. एक अम्मीसाठी, एक बहिणीसाठी. कधी पडवीत लावायला वायफाय कॅमेराही असतो. आणणारा प्रेमाने आणतो आणि सुरूही तोच करून देतो. सिम त्याच्या नावावरचं, जीमेल त्याने उघडलेलं, पिन त्याने ठरवलेला. सुट्टी संपते, तो परत जातो. फोन घरी राहतो आणि फोनच्या चाव्या विमानात बसून निघून जातात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नात्यातले आणि मोहल्ल्यातले फोन माझ्याकडे दुरुस्तीला नव्हे, ‘जरा बघून दे’ म्हणून येतात. त्यासोबत ठरलेला प्रश्न येतो: कुठला फोन घेऊ? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की या फोनची चावी कोणाकडे राहणार? घरातलं तंत्रज्ञान सुरक्षित आहे की नाही, हे फोनच्या किमतीपेक्षा या उत्तरावर जास्त ठरतं. जी व्यक्ती तो रोज वापरते तिच्या हातात त्याचा ताबा असला पाहिजे. आपल्याकडे पुरुष परदेशात आणि घर बायकांच्या खांद्यावर, अशी कितीतरी घरं आहेत. त्यामुळे ही व्यक्ती बहुतेक वेळा आपली आई, बहीण, बायको किंवा भावजय असते.

चावी म्हणजे नेमकं काय?

फोनच्या चाव्या चार. सिम कोणाच्या नावावर आहे, ही पहिली. गूगल किंवा अ‍ॅपलचं खातं कोणाचं आहे आणि पासवर्ड विसरला तर कोड कोणत्या नंबरवर जातो, ही दुसरी. स्क्रीनचा पिन कोणाला माहीत आहे, ही तिसरी. आणि बँकेत कोणता मोबाइल नंबर नोंदवलेला आहे, ही चौथी.

समजा, बाजारात जाताना अम्मीचा फोन एसटीत राहिला. डुप्लिकेट सिम ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच, त्याची ओळख पटवून मिळतं. तो मस्कतला. सिम नाही म्हणून ओटीपी नाही. ओटीपी नाही म्हणून यूपीआय बंद आणि गूगल खातंही उघडत नाही, कारण तिथला कोडही मस्कतच्याच नंबरवर जातो. पैसे तिच्या खात्यात आहेत, ओळखपत्र तिच्या कपाटात आहे, तरी आपलाच व्यवहार सुरू करायला तिला ओमानमधल्या माणसाची ड्युटी सुटेपर्यंत थांबावं लागतं.

फसवणूक झाली तर हे थांबणं फार महाग पडतं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक प्रत्येक घरात माहीत असायला हवं. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर त्याच्यावर तोट्याचा भार येत नाही. ओटीपी किंवा पिन स्वतःच सांगून बसलो असू, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. पण कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणजे कळवण्याचा क्षण हीच सगळ्यात मोठी रेघ आहे. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबरही वेळेच्याच तत्त्वावर चालतो. तक्रार जितकी लवकर, तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. मग ज्या बाईला आपला खाते क्रमांक माहीत नाही, बँकेत नोंदवलेला नंबर कोणाचा आहे हे माहीत नाही, तिने पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं? ती आधी मुलाला व्हॉट्सअ‍ॅप करते. तो कामावर असतो.

उलट बाजूचाही एक धोका आहे. आखातात गेलेल्या माणसाचा भारतातला नंबर रिचार्जविना पडून राहतो आणि बंद होतो. बंद झालेला नंबर ९० दिवस दुसऱ्या कोणाला दिला जात नाही, असं ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. त्यानंतर तो दिला जाऊ शकतो. तुमच्या बँकेशी, जीमेलशी, आधारशी जोडलेला नंबर अनोळखी माणसाच्या खिशात गेला, तर तुमचे ओटीपीही तिकडेच जातील. परदेशात राहणाऱ्याने आपला नंबर चालू ठेवावा, नाहीतर तो सगळीकडून आधी काढून टाकावा. त्याच्या नंबरवर घरच्यांचं काहीही टांगून ठेवू नये.

आणि आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको, की फोन फक्त चोरीला जात नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घरांत शिरलं, तेव्हा फोन, कागदपत्रं, सगळं एकदम गेलं. गूगल खात्याला दुहेरी पडताळणी लावली की दहा बॅकअप कोड मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवा, आधार-रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या विश्वासू नातेवाइकाकडे द्या. फोन बुडाला तरी खातं बुडणार नाही.

सुरक्षितता की पहारा?

इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या घरांत ‘सुरक्षितता’ हा शब्द पुष्कळदा दुसऱ्याच अर्थाने वापरला जातो. मुलीच्या फोनचा पिन भावाला माहीत हवा, ही सुरक्षितता. तिचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या लॅपटॉपवर जोडलेलं, हीसुद्धा सुरक्षितता. दुबईत बसून स्वयंपाकघरातला कॅमेरा बघत राहणं, तीही सुरक्षितताच!

जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. फोटो समाजमाध्यमांवरून उचललेले होते. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, जाहीरपणे मत मांडणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांनीच तक्रारी केल्या. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने जानेवारी २०२२ मध्ये अटका केल्या, दिल्ली पोलिसांनीही केल्या. पण अशी बातमी आली की अनेक घरांतली पहिली प्रतिक्रिया काय असते? ‘फोटो काढून टाक, खातं बंद कर.’ गुन्हा दुसऱ्याने केला आणि हद्दपार आपली मुलगी झाली. हल्ला करणाऱ्यांनाही नेमकं हेच हवं होतं.

खरी सुरक्षितता वेगळी आहे. प्रोफाइल फोटो कोणाला दिसावा हे तिला ठरवता आलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन आपलं खातं आणखी कुठे उघडं आहे हे तिला बघता आलं पाहिजे. सहा आकडी पडताळणी पिन तिचा असला पाहिजे. फोटोत फेरफार करून कोणी टाकला, तर तो काढून टाकण्याची मागणी थेट त्या कंपनीकडे करता येते, हे तिला ठाऊक पाहिजे; २०२१ च्या आयटी नियमांनी कंपन्यांवर ही जबाबदारी टाकली आहे. आणि असं काही घडलं तर घरी सांगितल्यावर फोन काढून घेतला जाणार नाही, ही खात्री तिला पाहिजे. ही शेवटची गोष्ट कुठल्याही सेटिंगमध्ये सापडत नाही. ती आपल्या वागण्यातून येते.

दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्या, ही सूरह नूरमधली शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सज्ञान माणसाचा फोन हे आज त्याचं घरच आहे. त्याचे नातेसंबंध, आजारपण, पैसा, दुःख, सगळं त्या दाराआड असतं. न विचारता आत शिरण्याला काळजी हे नाव दिलं, म्हणून ते शिरणं बदलत नाही.

शिवाय हा पहारा फक्त मुलींवर असतो. भावाच्या फोनमध्ये काय आहे हे कोणी विचारत नाही. झटपट कर्ज देणारी अ‍ॅप आणि ‘घरबसल्या टास्क पूर्ण करा, पैसे कमवा’चे टेलिग्राम ग्रुप आपल्या तरुण मुलांच्याच फोनमध्ये मुक्काम करतात. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधली नावं-नंबर, फोटो, कॉलची यादी यांना हात लावू नये, असं रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलं आहे. जे अ‍ॅप ही परवानगी मागतं ते तिथेच काढून टाकावं. वसुलीच्या नावाखाली नातेवाइकांना शिवीगाळ करणारे फोन याच यादीवरून जातात. आपल्या घरातल्या मुलाने ही यादी दिली, की अब्रू सगळ्या खानदानाची जाते.

श्रद्धेच्या अ‍ॅपलाही प्रश्न विचारा

कुटुंबात एक अ‍ॅप असं असतं, ज्यावर कोणी शंका घेत नाही: नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारं. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या नियतकालिकाने उघड केलं, की जगभर लोकप्रिय असलेल्या ‘मुस्लिम प्रो’ या अ‍ॅपमधून वापरकर्ते कुठे आहेत याची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होती आणि ही कंपनी अमेरिकी लष्कराशी संबंधित कंत्राटदारांना माहिती विकत होती. गदारोळ झाल्यावर अ‍ॅपने एक्स-मोडशी संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोडच्या उत्तराधिकारी कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यावर बंदी घातली.

इंजिनिअर म्हणून यावर साधं गणित मांडतो. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे सुमारे १०६ किलोमीटर. म्हणजे दहा किलोमीटर सरकलं तर नमाजच्या वेळेत फरक पडतो जेमतेम २३ सेकंदांचा. रत्नागिरीहून किब्ला पश्चिमेच्या थोडा उत्तरेला आहे. तालुक्यात कुठेही गेलात तरी त्यात जाणवण्याइतका बदल होत नाही. मग अ‍ॅपला तुमचं घर, तुमची गल्ली, तुमची मशीद प्रत्येक क्षणाला कशाला कळायला हवी? लोकेशन बंद करा, शहर ‘रत्नागिरी’ हाताने निवडा, वेळा तितक्याच बरोबर येतील. किंवा मशिदीतलं छापील वेळापत्रक भिंतीवर लावा. ते कोणालाच काही कळवत नाही.

हाच प्रश्न प्रत्येक अ‍ॅपला विचारायचा: तू जे मागतोस, ते तुझ्या कामाला लागतं का? हा प्रश्न विचारायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. मासळी घेताना कल्ला उघडून बघणारी आपली आई हे सहज करू शकते.

मग घ्यायचं काय?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजण्याआधी सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ मालिकेपासून सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे. स्वस्त फोनना ते पुष्कळ कमी मिळतं. अपडेट संपलेला जुना महागडा फोन अम्मीला ‘कामचलाऊ’ म्हणून देणं म्हणजे मोडक्या कडीचं दार देणं. विशेषतः त्यावर बँकेचं अ‍ॅप असेल तर. कमी किमतीचा पण अपडेट चालू असलेला फोन तिच्यासाठी बरा.

वापरलेला फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक बघा आणि सरकारच्या ‘संचार साथी’वर तपासा. फोन हरवला तर तो तिथूनच बंद करता येतो. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत हेही तिथेच कळतं. आखातातून आणलेल्या फोनची वॉरंटी इथे चालते का, हे घेण्याआधीच विचारावं. अनेक कंपन्यांची वॉरंटी त्या-त्या प्रदेशापुरती असते. तिकडच्या चार्जरच्या जाड चौकोनी पिना आपल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, म्हणून वीस-तीस रुपयांचा सैल जोड लावला जातो. त्यापेक्षा बीआयएस नोंदणी क्रमांक असलेला चार्जर इथेच घ्या. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर खरा-खोटा तपासता येतो.

कॅमेऱ्याचंही तसंच. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विक्रीला येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली. बॅगेतून आलेला कॅमेरा या चाळणीतून गेलेला नसतो. लावायचाच असेल तर दाराबाहेर लावा, मूळ पासवर्ड बदला आणि घरात राहणाऱ्या सगळ्यांना विचारून लावा.

आणि प्रत्येकाला स्मार्टफोन हवाच असं नाही. दादीला फक्त बोलायचं असेल तर बटणांचा फोन ही मागासलेली नव्हे, शहाणी निवड आहे. मार्च २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’मुळे साध्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात. मात्र ती निवड दादीने केलेली असावी.

‘तिला जमत नाही’

या सगळ्यावर हमखास येणारा आक्षेप असा: अम्मीला हे जमत नाही, ती पिन विसरते, चुकीचं बटण दाबते, आम्ही सांभाळतो तेच बरं. हेतू चांगला आहे, पण परिणाम उलटा होतो.

‘डिजिटल अरेस्ट’चा धंदा बघा. पोलिस किंवा सीबीआय असल्याचं सांगून व्हिडिओ कॉल करायचा, धाक घालायचा, तासन्‌तास कॉलवर बसवून पैसे उकळायचे. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे सांगितलं. तरी माणसं फसतात, शिकलेलीही फसतात, कारण समोरचा अधिकारवाणीने बोलतो. आता विचार करा: ज्या बाईला आयुष्यभर ‘तुला कळत नाही, सांगतो तसं कर’ हेच ऐकवलं गेलं, तिला अधिकारवाणीपुढे ‘नाही’ म्हणायची सवय कुठून येणार? आणि फसल्यावर घरी बोलणी खावी लागतील ही भीती असेल, तर ती १९३० ला फोन करण्याऐवजी गप्प बसेल. भामट्याला हवा तो वेळ आपण आपल्या घरातूनच पुरवतो.

पिन विसरतो ना? मग तो वहीत लिहून कपाटात ठेवा. हा सल्ला इंजिनिअरच्या तोंडी विचित्र वाटेल, पण हल्लेखोर शेकडो मैलांवरच्या कॉल सेंटरमध्ये बसलेला आहे; तुमचं कपाट उघडायला तो येणार नाही. ज्या घरात खुद्द घरातल्या माणसापासूनच धोका आहे तिथे मात्र वही नको. तिथे पिन तिच्या डोक्यात आणि बॅकअप कोड तिच्या विश्वासाच्या मैत्रिणीकडे.

शिकवताना एकच नियम पाळा: फोन तिच्या हातात राहू द्या. आपण फोन हिसकावून दोन मिनिटांत करून दिलं की काम होतं, शिक्षण होत नाही. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ हे तिने स्वतः शंभर रुपये मागवून एकदा बघितलं, की ते कुठल्याही जाहिरातीपेक्षा पक्कं बसतं.

मुलांची गोष्ट वेगळी आहे, तिथे देखरेख हवीच. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. पण ही देखरेख उघड असावी, नियम मुलगा आणि मुलगी दोघांना सारखे असावेत, आणि वय वाढेल तशा चाव्या एकेक करून सोपवल्या जाव्यात.

एका सुट्टीचं काम

तुमच्या घरातला माणूस पुढच्या वेळी सुट्टीवर येईल तेव्हा, मेजवान्यांच्या गर्दीतून एक सकाळ काढा. जिच्या हातात फोन आहे तिच्या नावावर सिम करून घ्या. ज्याच्या नावावर आहे तो गावात असेपर्यंतच हे सोपं आहे. तिचं स्वतःचं जीमेल उघडा आणि पासवर्ड तिला ठरवू द्या. बँकेत जाऊन तिच्या खात्याला तिचाच नंबर लावा. बॅकअप कोड कागदावर उतरवा. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा आणि तिला नको असलेलं सगळं काढून टाका. बँकेचा नंबर आणि १९३० मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवा. खराब वस्तू किंवा न मिळालेल्या वॉरंटीच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ त्याखाली लिहा.

तुम्ही हे वाचताय म्हणजे बहुधा तुमच्या घरात ‘फोनमधलं कळणारे’ तुम्हीच आहात. हा मान आपल्याला आवडतो, आणि त्यातच मोह आहे: सगळ्यांचे पासवर्ड आपल्याकडे, सगळे आपल्याला विचारणार. पण चाव्या आपल्या खिशात जमवून आपण घराला आपल्यावर अवलंबून करतो, सुरक्षित करत नाही. आपल्या गावांत जमाती आहेत, अंजुमनच्या शाळा आहेत, बचत गट आहेत. तिथे महिन्यातून एक दुपार दोन मुलं आणि दोन मुली बसल्या, तरी वर्षभरात वस्तीतल्या बहुतेक बायकांच्या चाव्या त्यांच्या त्यांच्या हातात जातील. तुमच्या कामाचं माप एकच ठेवा: पुढच्या वर्षी तुम्हाला ‘जरा बघून दे’ म्हणणारे फोन कमी झाले पाहिजेत.